प्रतिनिधी जिवाणू

प्रतिनिधी जिवाणू : अन्नातून रोग पसरवणाऱ्या घातक जिवाणूच्या जागी प्रयोगात वापरला जाणारा, उष्णता, आम्ल, मीठ यांना त्याच्यासारखाच तोंड देणारा, पण माणसाला सहसा अपाय न करणारा जिवाणू. प्रयोगशाळेतल्या बोलण्यात त्याला ‘सरोगेट’च म्हणतात. एखाद्या प्रक्रियेने अन्नातला रोगजंतू खरोखर मरतो का, हे पाहायचे तर अन्नात मुद्दाम जिवाणू घालून ती प्रक्रिया चालवावी लागते. याला ‘चॅलेंज टेस्ट’ असे नाव आहे. खरा साल्मोनेला (अन्नातून जुलाब-ताप आणणारा जिवाणू) घेऊन कोणी काजूच्या कारखान्यात जाऊ शकत नाही, जाऊही नये. तिथे प्रतिनिधी लागतो. गोव्यासारख्या लहान राज्यात, जिथे अन्न तपासणीचे बरेचसे काम महाविद्यालयांच्या आणि उद्योगांच्या छोट्या प्रयोगशाळांत होऊ शकते, तिथे महागड्या बंदिस्त कक्षांपेक्षा ही वाट अधिक उपयोगाची आहे.

प्रयोगशाळेतला धोका बहुधा दिसत नाही. अमेरिकी संशोधक पाइक यांनी १९७६ मध्ये प्रयोगशाळांत लागण झालेल्या ३,९२१ घटनांचा आढावा घेतला, तेव्हा त्यांपैकी २० टक्क्यांहूनही कमी घटनांत ठळक अपघात सापडला. बाकीच्यांत ना नळी फुटली होती, ना सुई टोचली होती. २०१०-११ मध्ये अमेरिकेत साल्मोनेला टायफीम्युरियमची जी साथ आली, तिच्यात ३८ राज्यांतले १०९ जण आजारी पडले आणि एक दगावला. धागा वैद्यकीय व शिकवणीच्या सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळांपर्यंत पोचला. साथीतला जिवाणू बाजारात विकत मिळणाऱ्या प्रयोगशाळेतल्या वाणापासून वेगळा ओळखता येत नव्हता. बाकावर ठेवलेली वही, पेन आणि फोन घरी जात होते, आणि आजारी पडलेल्यांत प्रयोगशाळेत पाऊलही न ठेवलेली लहान मुले होती. २०१४ मध्ये तशीच साथ पुन्हा आली. ज्या प्रात्यक्षिकात निरुपद्रवी वाणाने तेच शिकवता आले असते, तिथे रोगकारक वाण वापरण्याचे कारण बहुतेक वेळा एवढेच असते की तो फ्रीजमध्ये आधीपासून असतो.

प्रतिनिधीची कल्पना डबाबंद अन्नाच्या धंद्यातून आली. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू (त्याची कठीण कवचातली सुप्त रूपे) उकळत्या पाण्यातही तग धरतात आणि हवाबंद, कमी आंबट डब्यात रुजून ज्ञात विषांपैकी सर्वांत जहाल विष तयार करतात. १९२२ मध्ये एस्टी आणि मायर या संशोधकांनी या बीजाणूंची उष्णता सोसण्याची ताकद मोजली. १२१.१ अंश सेल्सिअसला त्यांची संख्या एक दशांशावर येण्यास सुमारे ०.२१ मिनिट लागते, आणि बारा वेळा दहापट घट व्हावी म्हणून अडीच ते तीन मिनिटे हा हिशेब आजही डबाबंद उद्योगात चालतो. पण कारखान्याच्या रिटॉर्टमध्ये (डबे दाबाखाली तापवण्याच्या यंत्रात) हे बीजाणू सोडणार कोण? १९२७ मध्ये नासलेल्या मक्याच्या डब्यातून क्लॉस्ट्रिडियम स्पोरोजिनीसचा पीए ३६७९ हा वाण वेगळा करण्यात आला. तो बोट्युलिनमचा जवळचा नातलग. विष मात्र तयार करत नाही, आणि उष्णतेला बोट्युलिनमपेक्षा कितीतरी चिवट. तो मेला तर बोट्युलिनम नक्कीच मेला, असे मानता येते. चांगल्या प्रतिनिधीची खूण हीच की त्याने मूळ रोगजंतूइतका किंवा त्याहून अधिक टिकाव धरावा. कमी टिकणारा प्रतिनिधी सुरक्षिततेचा खोटा भरवसा देतो, आणि फारच चिवट असलेला विनाकारण अन्न करपवायला लावतो.

काजूचे उदाहरण गोव्याला जवळचे. डिचोली, सत्तरी, पेडणे, सांगे इथल्या बागांतल्या बिया कारखान्यात वाफवल्या किंवा भाजल्या जातात, मग फोडल्या जातात, गर ‘बोर्मा’ भट्टीत वाळतो, सालपट निघते आणि प्रतवारी होते. पहिली वाफ चांगलीच कडक असते. पण फोडल्यानंतरचे बरेचसे काम हातांनी होते आणि तिथून पुढे गरावर नवा जिवाणू बसू शकतो. कोरड्या, तेलकट गरात साल्मोनेला वाढत नाही; पण महिनोन्महिने जिवंत राहतो आणि पाण्याचा अंश कमी असल्याने उष्णतेला ओल्या अन्नातल्यापेक्षा कितीतरी अधिक तोंड देतो. म्हणून पाण्यात किंवा दुधात मोजलेले आकडे काजूला लावणे चूक. कॅलिफोर्नियातल्या बदामांतून साल्मोनेलाच्या साथी आल्यावर तिथे १ सप्टेंबर २००७ पासून बदामांवर जंतुनाशक प्रक्रिया सक्तीची झाली. ती प्रक्रिया योग्य ठरवण्यासाठी एंटेरोकॉकस फेसियमचा एनआरआरएल बी-२३५४ हा, मूळचा दूधदुभत्याच्या भांड्यांवरून मिळालेला वाण वापरतात. एंटेरोकॉकस कुळातले काही जिवाणू रुग्णालयांत प्रतिजैविकांना न जुमानणारे म्हणून बदनाम आहेत. त्यामुळे या वाणाचा संपूर्ण जनुकसंच तपासण्यात आला, आणि रोगकारकतेची ओळखीची जनुके त्यात नाहीत व तो नेहमीच्या प्रतिजैविकांना बळी पडतो, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. बदामाला जे जुळले ते काजूला जसेच्या तसे जुळेल असे मात्र नाही. आधी बंदिस्त प्रयोगशाळेत काजूगरावर साल्मोनेला आणि प्रतिनिधी शेजारी शेजारी तपासायचे, आणि मगच प्रतिनिधी कारखान्यात न्यायचा, असा क्रम आहे.

तिसऱ्या, शिणाणे आणि कालवे या शिंपल्यांच्या बाबतीत गोष्ट अधिक अडचणीची. मांडवी-झुआरीच्या खाडीसारख्या कोमट, खारट पाण्यात व्हिब्रिओ कुळातले जिवाणू आपसूकच असतात. त्यांना सांडपाण्याची गरज नसते. व्हिब्रिओ पॅराहीमोलिटिकसची ओळख १९५० मध्ये ओसाका इथे झाली. अर्धवट सुकवलेल्या बारीक मासळीतून २७२ जण आजारी पडले आणि २० दगावले, त्या प्रकरणाचा तपास जपानी संशोधक फुजिनो यांनी केला. जगभर पसरलेला त्याचा ओ३:के६ हा प्रकार १९९६ मध्ये कोलकात्यात ठळकपणे नजरेत आला. शिंपल्यांना स्वच्छ पाण्यात ठेवून त्यांच्याकडून घाण बाहेर टाकून घेण्याच्या पद्धतीची परीक्षा पुष्कळदा ई. कोलायवर घेतली जाते. ई. कोलाय त्यात झपाट्याने कमी होतो; व्हिब्रिओ मात्र शिंपल्याच्या आतड्यात घट्ट बसून राहतो. म्हणजे सांडपाण्याचा सूचक म्हणून उत्तम असलेला ई. कोलाय इथे व्हिब्रिओचा प्रतिनिधी म्हणून साफ अपुरा आहे. खाडीतून मिळणाऱ्या व्हिब्रिओच्या बहुतेक वाणांत टीडीएच व टीआरएच ही विषजनुके नसतात, म्हणून असे वाण निवडून वापरता येतात. पण ती जनुके नसलेले काही वाणही रुग्णांत सापडले आहेत. तेव्हा त्यांना निर्धोक समजून उघड्या बाकावर हाताळू नये. एकशिपी (एका शिंपीसह केलेला तिसऱ्यांचा पदार्थ) करताना तिसरी नीट शिजली तर प्रश्न मिटतो. कच्चे कालव लिंबू पिळून खाण्याच्या हौशीत तो कायम राहतो.

बालचाव (कोळंबीचे आंबट लोणचे), पारा (सुक्या मासळीचे लोणचे), माडाच्या विनागरात (व्हिनेगरात) मुरवलेले डुकराच्या मांसाचे चोरीस (सॉसेज) या पदार्थांत मात्र उष्णतेऐवजी आंबटपणा, मीठ, धूर आणि कमी पाणी ही कुंपणे एकत्र काम करतात. सामू (आंबटपणाचे माप, पीएच) ४.६ च्या खाली असेल तर बोट्युलिनम रुजत नाही. लिस्टेरिया मोनोसायटोजिनीस फ्रीजमध्येही वाढतो आणि मिठाला सहज बधत नाही, म्हणून अशा पदार्थांत त्याची चिंता अधिक. त्याच्याऐवजी लिस्टेरिया इनोक्युआ हा निरुपद्रवी भाऊबंद वापरतात. जिवाणू मरतो का, एवढेच पाहायचे असेल तेव्हा तो चांगला चालतो. पण साठवणीत जिवाणू हळूहळू वाढतो का, हा प्रश्न असेल, तर दोघांच्या वाढीचा वेग सारखा असेलच असे धरून चालता येत नाही. शिवाय घरोघरच्या विनागराची धार वेगळी. एका घरच्या चोरिसावरचा निकाल दुसऱ्या घरी लावण्याआधी सामू आणि पाण्याचा अंश मोजणे हे कुठल्याही प्रतिनिधीपेक्षा स्वस्त आणि खात्रीचे काम आहे.

दुसरा मार्ग म्हणजे रोगजंतूचेच विषजनुक काढून टाकणे. ई. कोलाय ओ१५७:एच७ मधले शिगा विषाचे जनुक किंवा बोट्युलिनमचे विषजनुक वगळलेले वाण मूळ रोगजंतूशी बाकी गुणांत जवळजवळ तंतोतंत जुळतात, हा त्यांचा मोठा फायदा. भारतात अशा कामाला पर्यावरण संरक्षण कायद्याखालचे १९८९ चे नियम लागू होतात, आणि संस्थेची जैवसुरक्षा समिती असावी लागते. जैवतंत्रज्ञान विभागाची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे जोखीमगट आणि बंदिस्तपणाची पातळी ठरवून देतात. निसर्गात सापडलेला निरुपद्रवी वाण वापरला तर ही कागदपत्रे बरीच कमी होतात. वाण मागवायचे ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या एनसीआयएम किंवा चंदीगडच्या एमटीसीसीसारख्या नोंदणीकृत संग्रहातून. शेजारच्या विभागातून नाव न लिहिलेली नळी उसनी आणणे ही आपल्याकडची जुनी सवय. त्या नळीत नेमके काय आहे, हे कोणालाच माहीत नसते.

प्रतिनिधी वापरला म्हणून बाकीचे नियम सुटत नाहीत. तोंडाने पिपेट ओढायची नाही, फवारा उडवणारे काम जैवसुरक्षा कपाटात करायचे, आणि सेंट्रिफ्यूज थांबल्यावर झाकण लगेच उघडायचे नाही. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार जिवाणूंच्या बशा बाहेर जाण्याआधी जागेवरच निर्जंतुक कराव्या लागतात. त्यासाठीच्या ऑटोक्लेव्हची परीक्षाही प्रतिनिधीच घेतो : जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या निरुपद्रवी पण अतिशय उष्णतासह जिवाणूचे बीजाणू कचऱ्याच्या पिशवीच्या मधोमध ठेवतात, आणि १२१ अंशांची फेरी संपल्यावर ते रुजतात का ते पाहतात. पावसाळ्यात वीज मधेच जाते तेव्हा अर्धवट राहिलेली फेरी पूर्ण धरायची नाही. ती पहिल्यापासून पुन्हा लावायची.