नाशिकचे गावठाण : नियोजन आणि जतन

गोदाकाठच्या मूळ दाट वस्तीला नगररचनेच्या भाषेत 'गावठाण' म्हणतात. पंचवटी, भद्रकाली, रविवार कारंजा, सराफ बाजार, तांबट लेन ही नाशिकच्या गावठाणाची ओळख. १९८२ मध्ये महानगरपालिका स्थापन झाली आणि २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे १४ लाख ८६ हजार भरली. या वाढीचा भार गावठाणातील वाड्यांवर पडला.

रस्त्यालगत दगडी जोते, त्यावर ओटा, मग देवडी (प्रवेशाची जागा) आणि आत सागवानी खांबांनी वेढलेला, घराला उजेड-वारा देणारा चौक, अशी येथील वाड्याची घडण असते. पुनर्बांधणीत ओटा बहुधा सर्वांत आधी जातो आणि तळमजल्यावर वाहनतळ येतो, त्यामुळे संध्याकाळी गल्लीत बसायला जागाच उरत नाही. पावसाळ्यापूर्वी धोकादायक वाड्यांना नोटिसा निघतात. पण जुने भाडेकरू आणि अनेक वारसदार यांच्यात एकमत नसल्याने वेळेवर दुरुस्ती होत नाही. जतनाची खरी अडचण येथेच आहे, ती केवळ आस्थेने सुटणारी नाही.

कायदेशीर साधने मात्र उपलब्ध आहेत. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार विकास योजनेत, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यात, ऐतिहासिक, नैसर्गिक आणि वास्तुशास्त्रीय महत्त्वाच्या स्थळांच्या जतनाची तरतूद करता येते. प्रारूप योजना प्रसिद्ध झाल्यावर हरकती व सूचनांसाठी ३० दिवस मिळतात आणि त्यानंतर नियोजन समितीपुढे सुनावणी होते. 'आमच्या भागावर अन्याय झाला' एवढेच लिहिलेली हरकत फारशी टिकत नाही. मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड), नगर भूमापनाचा नकाशा, गल्लीची मोजलेली रुंदी आणि छायाचित्रे जोडली की तिला वजन येते. जुन्या नोंदींसाठी १८८३ चा नाशिक जिल्ह्याचा गॅझेटिअर आणि १८४० मध्ये स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय ही मोलाची साधने आहेत. ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या प्रभाग समित्यांचा उपयोग रहिवाशांनी आजच्यापेक्षा कितीतरी अधिक करून घ्यायला हवा.

नदीकाठासाठी पूररेषा निर्णायक ठरते. निळी रेषा साधारणपणे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी दाखवते. निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामाला मनाई असते. नाशिककरांचे स्वतःचे मापही आहे : रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागले की गळ्यापर्यंत पोहोचले, यावरून सराफ बाजारातील दुकानदार माल हलवायचा की नाही ते ठरवतात. १९६९ आणि २००८ च्या पुरात पाणी कोणत्या ओट्याला, कितव्या पायरीला लागले होते हे सांगणारी माणसे अजून या गल्ल्यांत आहेत. त्यांच्या आठवणी घरक्रमांकासह भूमापन नकाशावर उतरवल्या, तर सुनावणीत त्या पुरावा म्हणून मांडता येतात.