दूध बंद केलं. पुन्हा देऊन कधी पाहिलं?

यावल-रावेरकडे दीड-दोन वर्षांच्या पोराला ढाळ लागले की पहिला संशय केळ्यावर जातो. केळं बंद होतं. चार दिवसांनी पुन्हा पातळ शी झाली की म्हशीचं दूध बंद. मग शेंगदाणे, मग जड पडते म्हणून कळण्याची भाकरी. शेवटी ताटलीत नुसता वरणभात उरतो. बंद केलेला पदार्थ पुन्हा देऊन पाहायचं मात्र कुणाच्या मनात येत नाही. खरी परीक्षा तर तीच आहे.

विषाणूमुळे लागलेले जुलाब बहुतेक वेळा आठवड्याभरात आपोआप थांबतात. त्याच आठवड्यात केळं बंद केलेलं असलं, तर ठपका केळ्यावर बसतो तो कायमचा.

दुधाचं थोडं वेगळं आहे, कारण तिथे संशयाला आधार असू शकतो. लहान आतड्याच्या आतल्या अस्तरावर बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे असतात. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवणारं लॅक्टेज हे एन्झाइम त्यांच्या टोकांकडे असतं, आणि जुलाबात नेमकी तीच टोकं झिजतात. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात पोचते, तिथले जिवाणू ती आंबवतात, वायू आणि आम्ल तयार होतं. म्हणून पोट फुगतं, शी पाण्यासारखी आणि आंबट वासाची होते, ढुंगण लाल होऊन पोर धुताना रडतं. अस्तर भरून आलं की काही आठवड्यांत दूध पुन्हा पचायला लागतं. तेव्हा ‘याला दूध सोसत नाही’ हे मार्चमध्ये खरं असलं, तरी मे महिन्यात खरं असेलच असं नाही. मधल्या काळात दही बहुधा चालतं, कारण विरजणातले जिवाणू लॅक्टोजचा काही भाग आधीच संपवतात. अंगावरचं दूध तर बंद करूच नये.

दुधाची ॲलर्जी ही निराळी गोष्ट. तिथे शरीर दुधातल्या प्रथिनांवर उलटतं. काही मुलांना दूध प्यायल्यावर काही मिनिटांत ते दोनेक तासांत पित्ताच्या गांधी उठतात, ओठ सुजतात, उलट्या होतात. काहींना तासांनी किंवा दिवसांनी शीतून आव-रक्त पडतं. गाईचं सोसत नाही म्हणून शेळीचं दूध देतात, पण दोन्हींतली प्रथिनं इतकी सारखी असतात की बहुतेकांना त्याचाही त्रास होतो.

गव्हाची कथा मला फार मोलाची वाटते. नेदरलँड्सचे बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी १९५० साली मांडलेल्या प्रबंधात सिलिअ‍ॅक या आतड्याचं अस्तर झिजवणाऱ्या आजाराच्या मुलांचा गहू नुसता बंद केला नाही, तर पुन्हा सुरूही करून पाहिला. गहू थांबवला की मुलं सुधारायची, परत दिला की बिघडायची. म्हणून दोष गव्हाचा, हे ठरलं. आपल्याकडे दादर ज्वारीची भाकरी घरात असतेच, त्यामुळे पोळी बंद करणं सोपं वाटतं. पण सिलिअ‍ॅकचा संशय असेल तर रक्ततपासणीआधी गहू बंद करू नका. अहवाल चुकीचा ‘नॉर्मल’ येऊ शकतो.

घरी करायचं काम म्हणजे एक वही. ‘सकाळी ८, म्हशीचं दूध एक वाटी. ४ वाजता अर्धं केळं. रात्री ९, पातळ शी, आंबट वास.’ एवढं पुरतं. अशी दोन आठवड्यांची पानं डॉक्टरांना दाखवा. त्यांच्या सल्ल्याने एकच पदार्थ २ ते ४ आठवडे थांबवायचा, मग थोडा-थोडा परत द्यायचा. गांधी, सूज किंवा श्वासाचा त्रास एकदाही झाला असेल, तर हा प्रयोग घरी अजिबात नको. अन्नाच्या ‘असहिष्णुते’साठी विकल्या जाणाऱ्या आयजीजी (रक्तातल्या एका प्रकारच्या प्रतिपिंडांच्या) तपासण्यांवर पैसे घालू नका, शरीराने तो पदार्थ पाहिला आहे, एवढंच त्या सांगतात.

शीतून रक्त, हिरवी उलटी, खोल गेलेले डोळे, कमी झालेली लघवी, वजन न वाढणं यातलं काहीही दिसलं तर वही बाजूला ठेवून लगेच दवाखाना गाठा. जुलाब चालू असताना ओआरएस पाजत राहा.

आणि पोर खेळतंय, वजन वाढतंय, फक्त दिवसातून चार-पाच वेळा सैल शी होते आणि तिच्यात डाळीची सालं, गाजराचे तुकडे तसेच दिसतात? या वयात हे खूप मुलांत होतं, आणि वाढत्या वयात थांबतं. तिथे आधी पाकिटातला फळांचा रस कमी करून पाहा. भाकरी, दूध, केळं चालू ठेवा.