परिवलन आणि परिभ्रमण

ग्रहाचे स्वतःच्या आसाभोवती फिरणे म्हणजे परिवलन आणि सूर्याभोवती फिरणे म्हणजे परिभ्रमण. सुमारे ४६० कोटी वर्षांपूर्वी वायू आणि धुळीच्या फिरत्या ढगातून सूर्यमाला घडली. ढग आकसत गेला तशी त्याची गती वाढली आणि ती ग्रहांत उतरली. अवकाशात ती अडवणारे फारसे काही नाही. पृथ्वीचे परिवलन मात्र चंद्राच्या ओढीमुळे, शतकाला जेमतेम दोन सहस्रांश सेकंदाने दिवस लांबेल इतके, मंदावते आहे.

पृथ्वी स्वतःभोवती पश्चिमेकडून पूर्वेकडे २३ तास ५६ मिनिटांत फिरते. तेवढ्यात ती कक्षेत पुढे सरकलेली असते, म्हणून सूर्य पुन्हा माथ्याच्या रेषेत यायला आणखी चार मिनिटे लागतात आणि दिवस २४ तासांचा होतो. विषुववृत्तावर या फिरण्याचा वेग ताशी सुमारे १,६७० किमी आहे. जळगाव २१ अंश उत्तरेला असल्याने तिथे तो १,५६० किमीच्या आसपास भरतो. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची. जळगावचा सूर्य तिच्यामागे सुमारे २८ मिनिटे चालतो, नंदुरबारचा ३३. एकाच खानदेशात मध्यान्ह पाच मिनिटे मागेपुढे होते, घड्याळ मात्र एकच.

भुसावळ-जळगावचा मे महिना सोसलेल्या माणसाला ‘उन्हाळ्यात सूर्य जवळ येतो’ हे पटकन पटते. प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ, १४.७१ कोटी किमीवर, जानेवारीच्या सुरुवातीला असते, म्हणजे ऐन थंडीत. सर्वांत दूर, १५.२१ कोटी किमीवर, ती जुलैच्या सुरुवातीला जाते. ऋतू होतात ते आस २३.४ अंश कललेला असल्यामुळे. या कलामुळेच सूर्य खानदेशाच्या थेट डोक्यावर वर्षातून दोनदा येतो. जळगावात हे मेच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी साडेबाराच्या जरा आधी घडते. त्या वेळी केळीच्या बागेत ठिबकसाठी आणलेल्या पीव्हीसी पाइपचा हातभर तुकडा ओळंब्याने उभा धरला, तर त्याची सावली नाहीशी होते आणि पोकळीतून उजेडाचे गोल वर्तुळ तळाशी पडते. दुसरी खेप जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात असते. ती बहुधा ढगांच्या वाट्याला जाते.

इतर ग्रहांचे हिशेब निराळे. गुरू एवढा अजस्र, पण दहा तासांच्या आतच गिरकी घेतो. शुक्र उलट दिशेने फिरतो आणि त्याला स्वतःभोवतीच्या एका फेरीला २४३ दिवस लागतात, तर सूर्याभोवतीची फेरी २२५ दिवसांतच आटोपते. युरेनसचा आस ९८ अंश कललेला, म्हणजे तो कक्षेत जवळजवळ आडवा पडूनच लोळत जातो. सूर्यापासून जितके दूर, तितका कक्षेतला वेग कमी: पृथ्वीचा सेकंदाला सरासरी ३० किमी, नेपच्यूनचा साडेपाचच्या आसपास. हा नियम केप्लरने १६१९ मध्ये मांडला. पंचांगात मंगळ ‘वक्री’ होतो तेही यामुळेच. भुसावळहून एकाच दिशेने सुटलेल्या दोन गाड्यांत हळू चाललेली गाडी वेगवान गाडीतल्या प्रवाशाला मागे जाताना दिसते. पृथ्वी मंगळाला मागे टाकते तेव्हा तसेच घडते. मंगळाने दिशा मुळीच बदललेली नसते.

या खगोलविद्येचा खानदेशाशी जुना संबंध आहे. चाळीसगाव तालुक्यातील पाटण येथील शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याची नोंद त्यात आहे, काळ इ.स. १२०७ च्या सुमाराचा. ‘सिद्धांतशिरोमणी’त (११५०) भास्कराचार्य पृथ्वी स्थिर मानतात. आर्यभटाने ४९९ मध्येच ती स्वतःभोवती फिरते असे म्हटले होते, पण ते मत रुळले नाही. तरीही भास्कराचार्यांच्या पद्धतीत नाक्षत्र वर्ष, म्हणजे ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेले वर्ष, ३६५.२५८ दिवसांचे येते. आजचे मान ३६५.२५६ आहे, फरक चार मिनिटांहून कमी.