तोच कलाकार, पण प्रयोग कोणता आणि लाइव्ह शो कोणता?

"अरे, तो टीव्हीवरचा येऊन राहिला ना नागपूरले, जाऊ आपण," असा फोन आला की मी आधी एकच विचारतो: प्रयोग आहे की शो? समोरचा बहुतेक वेळा अडखळतो. आवडता नट डोळ्यांसमोर दिसणार, एवढं त्याला पुरेसं असतं. पण या दोन गोष्टी इतक्या वेगळ्या आहेत की एक समजून दुसरीला गेलेला माणूस चांगला कार्यक्रम बघूनही हिरमुसून परततो. माझ्या आईचं तसं झालं, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

ज्या नटाला ती रोज रात्री टीव्हीवर बघून हसायची, तो शहरात येणार होता. जाहिरातीत त्याचा मोठा फोटो, वर 'लाइव्ह' आणि खाली त्याच्या गाजलेल्या नाटकाचं नाव. आईला वाटलं, नाटक आहे. डिसेंबरचे दिवस, मोकळं मैदान, गुडघे दुखत असतानाही ती स्वेटरवर शाल घेऊन तीन तास प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसली. त्या नाटकातला दहा-बारा मिनिटांचा एक प्रवेश झाला. बाकी गाणी, नकला, गप्पा, दोन नाच आणि पाहुण्यांचे सत्कार. परत येताना ऑटोत ती म्हणाली, "त्या पोरीचं पुढं काय झालं, ते सांगतलंच नाही त्यानं." नाटकातल्या पोरीचं. कार्यक्रम वाईट नव्हता. आई गोष्ट बघायला गेली होती आणि तिथे गोष्ट नव्हतीच. जाहिरात देणाऱ्यांनी 'नाट्यप्रवेश' एवढा एक शब्द घातला असता तरी चाललं असतं.

प्रयोग म्हणजे लिहिलेल्या संहितेचा प्रयोग. तिसरी घंटा होते, पडदा उघडतो आणि नट स्वतःचं नाव विंगेत ठेवून येतो. तो तुम्हाला ओळख देत नाही, तुमच्याशी बोलत नाही, तुम्ही तिथे नाहीच असं धरून चालतो. शोमध्ये उलटं. तिथे तो स्वतःच्या नावानं येतो, "कसं काय नागपूर?" विचारतो आणि तुमच्या उत्तरावर पुढचं वाक्य बेततो. प्रशांत दामले यांनी ६ नोव्हेंबर २०२२ रोजी मुंबईत षण्मुखानंद सभागृहात १२,५०० वा प्रयोग केला, तो आकडा नाटकांच्या प्रयोगांचा. 'आम्ही सारे खवय्ये'मुळे ते घराघरांतल्या स्वयंपाकघरात पोचले खरे, पण नाटकवाले मोजतात ते पडदा उघडणं.

नागपूरकरांना हा फरक समजायला लांब जायला नको. सिव्हिल लाइन्समधल्या सभागृहावर ज्यांचं नाव आहे, त्या डॉ. वसंतराव देशपांडे यांचंच बघा. मैफलीत आज काय गायचं, किती वेळ गायचं, हे त्यांच्या आणि समोरच्या श्रोत्यांच्या मनावर होतं. पण १९६७ साली 'कट्यार काळजात घुसली'मध्ये ते खाँसाहेब म्हणून उभे राहिले, तेव्हा गळा वसंतरावांचा असला तरी त्यातली चीड आणि अहंकार खाँसाहेबांचा होता. नाटक लिहिणारे पुरुषोत्तम दारव्हेकर आपल्या नागपूरचेच. एकच माणूस, तोच सूर, पण मैफलीला गेलेला रसिक वसंतराव ऐकून आला आणि नाटकाला गेलेला खाँसाहेबांना भेटून आला. इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही.

आता आवाजाकडे येऊ, कारण खरा फरक तिथे पडतो आणि त्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. नाट्यगृहात शेवटची रांग फार तर तीस मीटरवर. नटाचं वाक्य तिथे सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत पोचतं, हशा तितक्याच वेळात परत येतो. मैदानात शंभर मीटरवर बसलेल्याला स्टेजजवळच्या स्पीकरमधला तोच शब्द पाऊण नाही, पण पाव सेकंदाहून थोडा उशिरा ऐकू येतो आणि त्याचा हशा स्टेजवर पोचेपर्यंत अर्ध्या सेकंदाच्या वर गेलेलं असतं. म्हणून लांब बसलं की मोठ्या पडद्यावर ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतो. मध्ये खांबांवर वेगळे स्पीकर लावून शब्द मागेपर्यंत स्पष्ट पोचवतात, पण हशा काही स्पीकरमधून परत जात नाही. पुढची माणसं हसून गप्प होतात तेव्हा मागची हसायला लागलेली असतात. विनोदाला लागणारा बारीक पॉज अशा ठिकाणी टिकत नाही. मैदानातला कलाकार मग तो वापरतच नाही. तो गाणं घेतो, नक्कल घेतो, हात मोठे करतो, एकच ओळ दोनदा म्हणतो. टीव्हीवर हेच काम संकलक आणि पार्श्वसंगीत करतं. तिथे वाक्य पडलं तर रिटेक असतो.

पॉज म्हणजे काय ते मला एकदा देशपांडे सभागृहात सहाव्या रांगेतून दिसलं. नायक चहा करत होता. बायकोनं एक वाक्य टाकलं, प्रेक्षागृह फुटलं. त्याच्या हातात साखरेचा चमचा होता, कपाच्या वर. त्यानं तो तसाच धरून ठेवला. मान वळवली नाही, पापणीही नाही. हशा चढला, उतरला, मागच्या बाल्कनीतून एक उशिराचं हसू आलं, तेही विरलं. मग त्यानं चमचा तिरका केला, साखर कपात पडली आणि चमचा बशीला लागल्याचा 'टिण' आवाज आला. त्या एका आवाजावर आधीपेक्षा मोठा हशा. मैदानात हा 'टिण' तिसऱ्या रांगेतही ऐकू गेला नसता.

म्हणून शो हलका, असं मी मुळीच म्हणत नाही. हनुमाननगरात ईश्वर देशमुख महाविद्यालयाच्या मैदानावर खासदार सांस्कृतिक महोत्सवाला ज्या गर्दीत माणूस बसतो, तिथे सगळ्यांनी एकदम टाळी धरली की अंगावर काटा येतो. असा अनुभव बंद सभागृहात मिळत नाही. एका मैदानी शोमध्ये कलाकार पायऱ्या उतरून खाली आला आणि कडेला बसलेल्या एका आजींना विचारलं, कुठून आलात? त्या म्हणाल्या, उमरेडहून. त्यानं आजींची शाल खांद्यावर घेतली, त्यांच्याच लकबीत दोन वाक्यं बोलला, मग शाल नीट घडी करून परत दिली आणि पायाला हात लावला. हे कोणी लिहून दिलेलं नव्हतं. नाटकात नटानं असं केलं असतं तर प्रयोग मोडला असता. शोमध्ये याच्याचसाठी जायचं.

सीमा नेहमीच इतकी स्पष्ट नसते, हेही खरं. संगीत नाटकात पदाला 'वन्स मोअर' मिळाला की पात्र थांबतं, गायक पुढे येतो आणि तेवढ्यापुरता प्रयोग मैफल होतो. आपल्या पूर्व विदर्भात तर झाडीपट्टी रंगभूमीनं दोन्ही गोष्टी कधीच एका मंडपात आणल्या आहेत. दिवाळीनंतर गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या नाटक कंपन्या भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या गावोगावी निघतात. नाटक रात्री दहाच्या सुमारास उभं राहतं ते पहाटेपर्यंत. मध्ये गाणी, मध्ये लावणी, कधी मुंबईचा मालिकेतला चेहरा, आणि तरी गोष्ट सुटत नाही. २०२३ साली झाडीपट्टीतले नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा या रंगभूमीचं नाव नागपूरच्या पलीकडेही पोचलं.

तिकीट काढण्यापूर्वी जाहिरातीत लेखक आणि दिग्दर्शक यांची नावं शोधा. असतील तर बहुधा प्रयोग. नुसतं कलाकाराचं नाव, संकल्पना, निवेदन आणि वाद्यवृंद दिसला तर शो. 'दोन अंकी' हा शब्द असला की निश्चिंत व्हा. नाटकाला पाचवी ते आठवी रांग मला सगळ्यात आवडते. अगदी पुढे बसलं की मान वर करून बसावं लागतं आणि नेपथ्य पूर्ण दिसत नाही. रेशीमबागेतलं सुरेश भट सभागृह सुमारे २,००० आसनांचं आहे, तिथे तर नाटक जमेल तितकं पुढूनच बघावं. मैदानात मात्र पुढच्या सोफ्यांच्या मागे लागू नका. साउंडवाल्याचं टेबल कुठे आहे ते बघा आणि त्याच्या आसपास बसा, कारण तो स्वतःच्या कानानं आवाज बेततो. नाटकात मोबाईल बंदच ठेवा. अंधारात उजळलेला एक पडदा स्टेजवरून स्पष्ट दिसतो.

पुढच्या हिवाळ्यात त्याच नटाचा, त्याच नाटकाचा प्रयोग नागपूरला लागला. या वेळी मी लेखकाचं नाव वाचून तिकिटं काढली. पडदा पडल्यावर आई म्हणाली, भेटायचं. रंगपटाबाहेर वीसेक माणसं होती, आमचा नंबर आला तेव्हा तो आरशासमोर मेकअप उतरवत होता. एक गाल पुसलेला, दुसऱ्यावर अजून रंग. तो उठून उभा राहिला. आईनं त्याला टीव्हीबद्दल काही विचारलं नाही. "पोरगी सुखात राहील ना रे?" एवढंच म्हणाली. हातातला कापूस टेबलावर ठेवून तो म्हणाला, "राहील मावशी, मी आहे ना."