कोकमाचा लाल रंग आणि अँटिऑक्सिडंटचा आकडा

उन्हाळ्यात रातांब्यांबरोबर, म्हणजे कोकमाच्या फळांबरोबर, फॉरवर्डही पिकतात. कोकम म्हणे अँटिऑक्सिडंटचा खजिना, चरबी वितळवतं, कॅन्सरही पळवतं. पुढे प्रयोगशाळेतला एखादा टक्केवारीचा आकडा. हा आकडा बहुतेकदा खोटा नसतो. तो कशाचा आहे, एवढंच कोणी सांगत नाही.

डीपीपीएच नावाचं एक रसायन आहे. ते मिथेनॉलमध्ये विरघळवलं की गडद जांभळा द्राव तयार होतो. त्यात कोकमाच्या सालीचा अर्क घातला की जांभळा रंग फिका पडत जातो आणि शेवटी पिवळा उरतो. 517 नॅनोमीटरच्या प्रकाशात हा रंग किती उतरला ते मोजायचं, की झाला आकडा तयार.

त्या नळीत जे घडतं ते मात्र फार देखणं आहे. डीपीपीएचच्या रेणूत एक इलेक्ट्रॉन जोडीदाराविना असतो, म्हणजे तो मुक्त मूलक आहे. मूलक शेजाऱ्याचा हायड्रोजन ओढतो आणि शांत होतो. पण आता शेजारी मूलक बनलेला असतो. शरीरातल्या मेदाम्लांमध्ये अशीच साखळी पुढे सरकत जाते. ती तोडायला असा कोणी लागतो, जो हायड्रोजन देऊनही स्वतः फारसा बेचैन होत नाही. तोच अँटिऑक्सिडंट.

कोकमाचा लाल रंग अँथोसायनिन गटातल्या रंगद्रव्यांचा, म्हणजे साखर जोडलेल्या सायनिडिनचा. सायनिडिनच्या एका कार्बनी कड्यावर दोन ओएच गट, म्हणजे ऑक्सिजनला जोडलेला हायड्रोजन, शेजारी शेजारी असतात. एकाने हायड्रोजन दिला की मागे उरलेला एकटा इलेक्ट्रॉन एका जागी बसत नाही, कड्यावर पसरतो. एकाच्या डोक्यावरचं ओझं घरातल्या सगळ्यांनी वाटून घ्यावं तसं. शिवाय शेजारच्या ओएचचा हायड्रोजन त्या उघड्या पडलेल्या ऑक्सिजनकडे झुकून त्याला आणखी स्थिर करतो. पुढे हा दुसरा हायड्रोजनही देता येतो आणि रेणूचं क्विनोन नावाचं नवं रूप होतं. म्हणजे एका जोडगोळीने दोन मूलकं गप्प केली. सालीत गार्सिनॉल नावाचा पिवळा पदार्थही असतो. त्याची बाकीची रचना अगदी वेगळी, पण एका टोकाला हीच जोडगोळी. मात्र तो पाण्यात जेमतेम विरघळतो, त्यामुळे सरबतात फारसा उतरत नाही.

आता हे सगळं पोटात गेल्यावर काय होतं? अँथोसायनिनचा अगदी थोडा भाग मूळ रूपात रक्तात पोचतो. बराचसा आतड्यातले जिवाणू फोडतात. जो पोचतो त्याच्या ओएच गटांवर यकृत सल्फेट, मिथिल किंवा ग्लुकुरॉनिक आम्लाची टोपी चढवतं. ज्या जोडगोळीचं एवढं कौतुक केलं, तीच बऱ्याचदा झाकली जाते! शिवाय रक्तात हेच काम करणाऱ्या युरिक आम्ल आणि क जीवनसत्त्व यांचं प्रमाण या पाहुण्यांच्या कितीतरी पट जास्त असतं. नळीतला आकडा शरीराला लागू होत नाही म्हणूनच अमेरिकेच्या कृषी खात्याने 2012 मध्ये खाद्यपदार्थांच्या अँटिऑक्सिडंट क्षमतेची आपली यादी संकेतस्थळावरून काढून टाकली. त्याआधी 1994 मध्ये फिनलंडमधल्या 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरच्या चाचणीत बीटा कॅरोटीन या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कॅन्सर कमी नाही, उलट जास्त आढळला होता.

कॅन्सर पळवण्याबद्दल एवढंच: गार्सिनॉलने काचेच्या बशीतल्या कॅन्सरपेशी मरतात हे खरं आहे. ब्लीचनेही मरतात.

चरबीचा दावा हायड्रॉक्सिसायट्रिक आम्लावर उभा आहे. शरीर सायट्रेटपासून चरबीचा कच्चा माल बनवतं, त्यातलं एक विकर (एन्झाइम) हे आम्ल अडवतं. कागदावर झकास. पण कोकमाच्या मलबारी भावंडातून (गार्सिनिया कंबोजिया) काढलेलं हेच आम्ल 1998 च्या एका चाचणीत 135 जाड व्यक्तींपैकी निम्म्यांना 12 आठवडे दिलं, तेव्हा बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांपेक्षा त्यांचं वजन काही जास्त उतरलं नाही.

आणि बारीक होण्यासाठी कोकमाचं तयार सिरप पिणाऱ्यांनी बाटलीवरचा साखरेचा आकडाही वाचावा. वजनाने निम्म्याहून अधिक साखरच असते. आगळात, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसात, साखर नसते, पण मीठ भरपूर असतं, तेव्हा रक्तदाबवाल्यांनी बेतानेच.