नाशिक: बिबट्या दिसला तर कुठे कळवायचं, जनावर मारलं तर भरपाई कशी मिळते

निफाड-सिन्नरकडे बिबट्यालाही सर्रास वाघच म्हणतात. फोनवर कळवताना मात्र 'बिबट्या' म्हणा. अंगावर पट्टे नव्हे, फुलासारखे ठिपके.

रात्री मोटार चालू करायला गेल्यावर बॅटरीत नुसते डोळे चमकले, तर ते तरस, कोल्हा, रानमांजर कुणाचेही असतील. खरी साक्ष सकाळी पाटाकडेच्या ओल्या मातीत मिळते. कुत्र्याच्या आणि तरसाच्या ठशात नखं उमटतात. बिबट्या नखं आत ओढून चालतो. चार बोटं आणि मागच्या कडेला तीन उंचवटे असलेली गादी, एवढंच दिसतं. मोठ्या बिबट्याचा ठसा साधारण 7 ते 9 सेंटिमीटर रुंद असतो. शेजारी काडेपेटी ठेवून बरोबर वरून फोटो काढा आणि ठशावर घमेलं पालथं घाला. नाहीतर वनरक्षक पोचेपर्यंत बघ्यांच्या चपलांखाली तो गेलाच म्हणून समजा.

कळवायला कुठलीही पात्रता लागत नाही. शेतमालक असो की सालगडी. वनखात्याची टोल फ्री हेल्पलाइन 1926, माणसाच्या जिवाला धोका असेल तर 112. आपलं गाव नाशिक पूर्व वनविभागात येतं की पश्चिम, हे शोधत बसू नका. गाव, गट नंबर, वेळ, कुठल्या बाजूला गेला आणि सोबत पिल्लं होती का, एवढं सांगा. वॉट्सअॅपवर आलेला व्हिडिओ पुढे ढकलणं म्हणजे कळवणं नव्हे.

पिंजऱ्याचं मात्र वेगळं आहे. बिबट्या 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये, म्हणजे सगळ्यात जास्त संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे. त्याला पकडायला राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. नुसता दिसला म्हणून पिंजरा लागत नाही. ग्रामसभेत हे कुणाला पटत नाही, पण नियम तोच.

शेळी किंवा गाय मारली असेल तर 48 तासांत वनखात्याला कळवा आणि पंचनाम्याआधी मढं हलवू नका. वास सुटतो, कुत्री येतात. ताडपत्री टाकून वर दगड ठेवा. लोक इथेच चुकतात: जनावर पुरून टाकतात आणि मग अर्ज लिहायला बसतात. गाय, म्हैस, बैलासाठी बाजारभावाच्या 75 टक्के किंवा 70,000 रुपये, शेळी-मेंढीसाठी 75 टक्के किंवा 15,000 रुपये, यातली कमी असेल ती रक्कम मिळते. अर्जासोबत आधार, बँक पासबुकाची प्रत, फोटो आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांचा दाखला जोडा. जनावराच्या कानात बिल्ला असेल तर त्याचा नंबरही लिहा.

ऊसतोडीत बछडे सापडले तर उचलू नका, सेल्फी तर नकोच. वनखातं त्यांना संध्याकाळी त्याच जागी क्रेटमध्ये ठेवतं आणि बहुतेक वेळा मादी रात्रीतून येऊन घेऊन जाते. तोवर त्या फडातली तोड बंद ठेवायची.