सांतो दोमिंगो व बोका चिका

डोमिनिकन प्रजासत्ताकाची राजधानी आणि तिच्या पूर्वेस सु. ३० किमी. वरील प्रसिद्ध पुळण. सांतो दोमिंगो हे हिस्पॅनिओला बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर, ओसामा नदीच्या मुखाशी आहे. यूरोपीयांनी अमेरिकेत वसविलेल्या व आजतागायत सलग वस्ती असलेल्या नगरांत ते सर्वांत जुने मानले जाते. नदीच्या पश्चिम तीरावरील जुना भाग (सोना कोलोनियाल) १९९० पासून जागतिक वारसास्थळ आहे.

स्थापनेच्या वर्षाबद्दल एकमत नाही. क्रिस्टोफर कोलंबस याचा भाऊ बार्थोलोम्यू याने पूर्व तीरावर पहिली वस्ती वसविली, एवढे निश्चित. हायना नदीकाठी सोने सापडल्याने उत्तर किनाऱ्यावरील इसाबेला ही वसाहत सोडून स्पॅनिश लोक दक्षिणेकडे वळले. काही अभ्यासक १४९६, तर काही १४९८ हे वर्ष धरतात. नावाच्या तीन व्युत्पत्ती सांगितल्या जातात : वसाहतकार रविवारी (स्पॅनिश ‘दोमिंगो’) पोहोचले; त्या दिवशी संत डॉमिनिकचा सण होता; किंवा कोलंबसाच्या पित्याचे नाव दोमेनिको होते. त्या काळी हा सण ५ ऑगस्टला येई. जुन्या ज्यूलियन पंचांगानुसार १४९८ मध्ये त्या तारखेस रविवार होता, १४९६ मध्ये शुक्रवार. सणाच्या दिवशी व रविवारी आगमन झाल्याची परंपरा खरी मानल्यास १४९८ अधिक ग्राह्य वाटते. मात्र वस्तीची उभारणी आणि विधिवत स्थापना यांत अंतर असू शकते.

१५०२ च्या चक्रीवादळात ही लाकडी वस्ती उद्ध्वस्त झाली आणि गव्हर्नर निकोलास दे ओव्हांदो याने नगर पश्चिम तीरावर हलविले. पिण्याचे चांगले पाणी पूर्वेकडे होते, या कारणास्तव स्पॅनिश धर्मगुरू व इतिहासकार लास कासास याने या निर्णयावर टीका केली आहे. नव्या नगराचे सरळ, काटकोनात छेदणारे रस्ते पुढे स्पॅनिश अमेरिकेतील नगररचनेचा आदर्श ठरले. ओसामा किल्ला, क्रिस्टोफरचा मुलगा दिएगो कोलंबस याचा वाडा (आल्कासार), सान निकोलास रुग्णालयाचे अवशेष व १५४० च्या सुमारास पूर्ण झालेले कॅथीड्रल ही ठिकाणे पायी पाहता येतात. १५११ मध्ये याच नगरात आंतोनियो दे मोंतेसिनोस या धर्मोपदेशकाने ताइनो या बेटावरील मूळ रहिवाशांवरील अत्याचारांचा प्रवचनातून उघड निषेध केला. नगराच्या इतिहासातील हा प्रसंग कोणत्याही वास्तूहून मोलाचा आहे. १५८६ मध्ये इंग्रज दर्यावर्दी फ्रान्सिस ड्रेकने नगर लुटले व खंडणी वसूल केली. १९३६ ते १९६१ या काळात हुकूमशहा त्रुहियोच्या नावावरून ते ‘सिउदाद त्रुहियो’ म्हणून ओळखले जाई.

कोलंबसाच्या अस्थींचा वाद येथे उद्‌भवला. १७९५ मध्ये बेटाचा स्पॅनिश भाग फ्रान्सला दिल्यावर येथील अस्थी हॅव्हानाला व १८९८ नंतर सेव्हिलला नेण्यात आल्या. परंतु १८७७ मध्ये कॅथीड्रलमध्ये कोलंबसाचे नाव कोरलेली शिशाची पेटी सापडली. सेव्हिलमधील अस्थींच्या डीएनए तपासणीचा निष्कर्ष स्पेनच्या बाजूने आहे. दोन्हीकडे अस्थींचा काही काही अंश असावा, ही शक्यता तरीही उरते.

बोका चिकाची पुळण प्रवाळभित्तीच्या आड आहे. त्यामुळे पाणी संथ व दूरवर उथळ राहते. समोरच ला मातिका हे कांदळवनाचे बेट दिसते. शनिवारी-रविवारी राजधानीतील कुटुंबे येथे लोटतात आणि तळलेला मासा व ‘यानिकेके’ (मैद्याची तळलेली पातळ पोळी) खातात. पुरातत्त्वज्ञांना मात्र हे गाव खापरांमुळे परिचित आहे. कोरीव रेषांच्या टोकांशी ठिपके आणि काठावर माणसांची वा प्राण्यांची मुखे असलेल्या ताइनो मृत्पात्रांच्या शैलीला ‘बोका चिका’ हेच नाव आहे. तिचा काळ सु. १२०० ते १५०० मानतात. म्हणजे नदीकाठी पहिले स्पॅनिश घर उभे राहण्यापूर्वीच या किनाऱ्यावर कसबी कुंभारांची वस्ती नांदत होती.